शाळेचे दार कोणाच्या पैशाने उघडते?

मे-जून आला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच चर्चा सुरू होते. मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचे की फाट्यावरच्या इंग्लिश मीडियममध्ये? कोणी बचत गटातून कर्ज उचलते, कोणी गळ्यातले मोडते आणि फी भरते. ज्यांना हे जमत नाही, त्यांना आपण लेकराचे नुकसान करतो आहोत असे वाटत राहते. तुलना होते ती बूट, टाय, पिवळी बस आणि पाठ केलेल्या इंग्रजी कवितांची. आपल्या समाजाने मात्र या दोन शाळांची तुलना आणखी एका मापाने केली पाहिजे. शाळा कोणाच्या पैशावर चालते, आणि त्यामुळे तिच्या दारात कोण कोणाला अडवू शकतो? हे माप आपल्याला इतिहासाने दिले आहे, आणि त्याची किंमत आपल्याच पूर्वजांनी मोजली आहे.

सुरुवात धारवाडपासून करू. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. जून 1856 मध्ये एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. नेहमीची फी भरायला तयार असूनही धारवाडच्या सरकारी शाळेत आपल्याला प्रवेश नाकारला, अशी त्याची तक्रार होती. सरकारने काय केले? तत्त्वतः न्याय मुलाच्या बाजूने आहे हे मान्य केले. पण एकट्यादुकट्यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतींना एकदम हात घातला तर शिक्षणाच्या कामाचीच मोठी हानी होईल, असे सांगून त्याला परत पाठवले. इथे 'शिक्षणाची हानी' याचा अर्थ एवढाच की सवर्णांची मुले शाळा सोडून जातील. दारात उभ्या असलेल्या मुलाच्या शिक्षणाची हानी कोणाच्या हिशेबातच नव्हती.

प्रकरण वर गेले. भारत सरकारने मुंबईच्या निर्णयाशी असहमती दाखवली आणि लंडनमधील कंपनीच्या संचालकांनीही तसाच कौल दिला. अखेर 1858 मध्ये मुंबई सरकारने आपले धोरण जाहीर केले. बाबासाहेबांनी 1928 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्यात हा सगळा इतिहास मांडला आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी तो मुळातून वाचावा.

1858 च्या धोरणाचे दोन भाग होते. ज्या शाळांचा सगळा खर्च सरकार करते, त्या सर्व जातींना खुल्या राहतील, हा पहिला भाग. दुसरा भाग स्थानिक वर्गणीदार आणि आश्रयदाते खर्चात वाटा उचलतात अशा शाळांचा. तिथे त्या लोकांचा विरोध असेल तर अस्पृश्य मुलांना आत घालण्याचा सरकारचा विचार नव्हता. सरकारने फक्त अशा शाळेचे अनुदान बंद करण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला.

हा फरक नीट लक्षात घ्या. पैसा पूर्णपणे सार्वजनिक असेल तर दार उघडे. त्यात खासगी वर्गणी मिसळली की दारावर वर्गणीदाराची मर्जी. जात तीच, गाव तेच, मूलही तेच. बदलला तो फक्त पैशाचा मालक. आजच्या 'सरकारी की खासगी' या वादाचे मूळ मला तिथे दिसते.

कोणी म्हणेल, सरकारी शाळेत अस्पृश्यता नव्हती का? होती, आणि भयंकर होती. धोरण कागदावर राहिले आणि त्यानंतरही कित्येक वर्षे आपली मुले व्हरांड्यात बसली. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये दाखल झाले. हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपाई वरून पाणी ओतेल तेव्हाच पाणी मिळे, शिपाई नसेल तर तहानलेले राहावे लागे. ही सरकारी शाळा होती, हे लपवण्याचे काही कारण नाही.

पण ते दाखल झाले, हेही तितकेच खरे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून, म्हणजे सरकारी शाळेतूनच, 1907 साली मॅट्रिक झाले. शाळेतल्या अन्यायाविरुद्ध भांडायचे तर आधी शाळेत असावे लागते. सरकारी शाळेत आपल्याला सन्मान मिळाला नाही, पण हक्काचा दावा करण्याची जागा मिळाली. ज्या शाळेत प्रवेश ही मालकाची मर्जी असते, तिथे दावा कशाच्या जोरावर करणार?

महात्मा जोतीराव फुले यांनी हे फार आधी ओळखले होते. 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा आणि नंतर महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा, हे सगळे त्यांनी आणि सावित्रीमाईंनी स्वतःच्या हिमतीवर, लोकांच्या देणग्या घेऊन उभे केले. आजच्या भाषेत ते खासगी प्रयत्नच होते. खासगी शाळा चालवण्याचा एवढा अनुभव असलेला माणूस 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे काय सांगतो? सरकारने शिक्षणातून अंग काढून घेऊ नये, असे सांगतो. शेतकऱ्यांच्या घामातून आलेला सारा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, यावर बोट ठेवतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी करतो. सरकार मागे हटले की मोकळी झालेली जागा कोण व्यापणार, हे त्यांना दिसत होते. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची अक्षरे आणि पैसा होता तेच!

यापुढचे पाऊल राजर्षी शाहू महाराजांनी टाकले. 1917 मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. गोपाळ कृष्ण गोखले यांचे असेच विधेयक पाच वर्षे आधी ब्रिटिशांच्या कायदेमंडळात फेटाळले गेले होते, हे लक्षात घेतले की या निर्णयाचे मोल कळते. शाहू महाराज तिथे थांबले नाहीत. 1919 मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. शाळा सार्वजनिक असणे पुरेसे नाही, ती सर्वांची एकच असली पाहिजे, हे त्या हुकमाचे सार आहे. वेगळ्या शाळेला वेगळे छप्पर, वेगळा मास्तर आणि वेगळीच उपेक्षा मिळते, हे त्यांनी ओळखले होते.

मग येतो 4 ऑगस्ट 1923 चा सी. के. बोले यांचा ठराव. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि त्यांच्यासोबत सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे मुंबई कायदेमंडळाने ठरवले. आपण हा ठराव चवदार तळ्यासाठी लक्षात ठेवतो. त्यात शाळाही होती हे विसरतो. तळे आणि शाळा यांना जोडणारा धागा एकच होता: पैसा सर्वांचा, म्हणून हक्क सर्वांचा.

मार्च 1927 मध्ये महाडची परिषद झाली. त्याच महिन्यात बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या 100 मुलांपैकी फक्त 18 चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली 82 पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी सभागृहाला सुनावले. अबकारी करातून लोकांकडून जेवढे घेता निदान तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आले पाहिजे, ही त्या भाषणाची भूमिका होती. हीच भूमिका पुढे संविधानात उतरलेली दिसते. अनुच्छेद 29(2) सांगतो की राज्याच्या किंवा राज्याच्या निधीतून मदत मिळणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा यांवरून कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. 1858 च्या धोरणात वर्गणीदारासाठी जी फट ठेवली होती, ती इथे बुजवली गेली.

यावर नेहमीचा प्रश्न येतो. बाबासाहेबांनीही 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. या संस्था खासगीच ना? नोंदणीच्या कागदावर खासगी, हे खरे. पण ज्यांना बाहेर ठेवले होते त्यांना आत घेण्यासाठी त्या निघाल्या. फी भरू शकतो तोच आत, हा आजच्या धंद्याचा नियम त्यांच्या विरुद्ध टोकाचा आहे. आणि संस्था काढणाऱ्या बाबासाहेबांनी सरकारला जबाबदारीतून मोकळे केले नाही. त्यांनी ती जबाबदारी संविधानात लिहून ठेवली.

आता आजच्या काळाकडे या. 1966 च्या कोठारी आयोगाने सर्वांसाठी समान शाळेचा आग्रह धरला. राज्यकर्त्यांनी मात्र उलटी वाट धरली. 1980 च्या दशकात विनाअनुदानित महाविद्यालये आली. 2012 मध्ये महाराष्ट्राने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा केला. दुसरीकडे कमी पटाच्या सरकारी शाळा बंद करण्याचे किंवा समूह शाळेत विलीन करण्याचे प्रस्ताव पुन्हा पुन्हा येतात. 2023 मध्ये तर सरकारी शाळा कंपन्यांना आणि देणगीदारांना 'दत्तक' देण्याची योजना निघाली. वर्गणीदार पुन्हा शाळेच्या दारात येऊन उभा राहिला!

शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना दिल्या. 9 फेब्रुवारी 2024 रोजी महाराष्ट्र सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा देण्यातून सूट मिळाली. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला. पण त्यामागचा विचार ओळखा. गरिबाच्या मुलाने जवळच्या सरकारी शाळेत जावे, पैसेवाल्यांच्या शाळेचे दार वाजवू नये. शाहू महाराजांनी 1919 मध्ये बंद केलेली 'वेगळी शाळा' आता जातीच्या पाटीऐवजी फीच्या पावतीवर पुन्हा उभी राहते आहे. फरक एवढाच की यावेळी ती उभारायला आपणही हातभार लावतो आहोत. जो थोडा वर आला तो सरकारी शाळेतून मूल काढतो. मागे राहतात शेतमजूर, ऊसतोड कामगार, आदिवासी आणि भटक्यांची लेकरे. ज्यांचा आवाज अधिकाऱ्यापर्यंत पोहोचू शकत होता, तेच निघून जातात.

मग गुणवत्तेचे काय? खासगी शाळेत मुले जास्त शिकतात हा समज तपासून पाहावा. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी मोठा प्रयोग केला. गरीब घरांतील मुलांना सोडत काढून खासगी शाळेत पाठवले आणि चार वर्षांनी तपासले. तेलुगू आणि गणितात सरकारी शाळेतल्या मुलांपेक्षा ती पुढे नव्हती. हिंदीत पुढे होती, कारण खासगी शाळेत हिंदीला वेळ दिला जात होता. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी होता, हेही त्यात दिसले. खासगीकरणाचे समर्थक याला कार्यक्षमता म्हणतात. त्या स्वस्ताईचे मोठे कारण शिक्षकांचा तुटपुंजा पगार हे आहे, आणि ते शिक्षक बहुतेक आपल्याच घरांतील डी.एड. झालेली पोरे-पोरी असतात.

इंग्रजीची भूक मात्र खरी आहे आणि तिची थट्टा करणाऱ्यांशी माझे जमत नाही. स्वतःची मुले इंग्रजीत शिकवून आपल्याला मातृभाषेचे प्रवचन देणारे खूप आहेत. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. ते इंग्रजी जिल्हा परिषदेच्या शाळेत नीट शिकवले जावे, यासाठी आपण किती मोर्चे काढले?

कोणत्याही आईबापाला माझा दोष देणे नाही. शिक्षक नसलेल्या शाळेत आपले मूल ठेवून तत्त्व पाळा, असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. ज्याला खासगी शाळा योग्य वाटते त्याने जरूर घालावे, आणि 25 टक्क्यांतील जागा हक्काने मागावी. पण मूल काढले म्हणून शाळेवरचा हक्क सोडू नये. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या असतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. खासगी शाळेचा मालक आपल्याला असे स्थान देणार नाही. तरीही अनेक गावांत ही समिती फक्त सह्यांपुरती उरली आहे. जयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येक मंडळाने आपल्या गावच्या शाळेत पट किती, शिक्षक किती, रिक्त पदे किती, एवढे जरी दर वर्षी विचारले तरी शाळा बंद करण्याचा कागद गुपचूप निघणार नाही. आरक्षणातून नोकरीत गेलेल्या बांधवांवर ही जबाबदारी सर्वांत जास्त आहे. त्यातील कितीतरी जण याच शाळेच्या फरशीवर बसून शिकले.

धारवाडच्या त्या मुलाचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याने फी हातात धरून दार वाजवले होते आणि तरीही ते उघडले नाही. ते दार उघडायला शंभर वर्षे लढावे लागले. आज ते पटसंख्येच्या नावाखाली बंद होत असेल, तर ज्या गावात बंद होते त्या गावातच त्याला आडवे गेले पाहिजे.

जय भीम!