भगिनी-शहरांचे करार : सही कोणाची, काम कोणाचे?

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या शहराच्या ‘बहिणी’ कोण, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळणार नाही. शिकागोशी दिल्लीचे भगिनी-शहर म्हणून नाते २००१ मध्ये जुळले, जपानच्या फुकुओका प्रांताशी मैत्री-करार मार्च २००७ मध्ये झाला, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये बीजिंगही या गोतावळ्यात सामील झाले. करार झाले, छायाचित्रे निघाली. नागरिकांच्या स्मरणात मात्र फारसे काही उरले नाही. हे असे का होते, हा प्रश्न प्रशासनात वावरणाऱ्या मला नेहमीच महत्त्वाचा वाटत आला आहे.

या कल्पनेचा उगम सरकारी नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बाँबवर्षावाने इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहर बेचिराख झाले. त्याच युद्धात पुढे स्टालिनग्राड घरोघर लढत होते. कॉव्हेंट्रीच्या शेकडो स्त्रियांनी एका कापडावर आपापली नावे भरतकामाने काढून ते स्टालिनग्राडला पाठवले आणि सोबत मदतनिधीही धाडला. १९४४ मध्ये ही दोन शहरे रीतसर जोडली गेली. १९५० मध्ये फ्रान्समधील माँबेलियार आणि जर्मनीतील लुडविग्सबुर्ग या कालपरवाच्या शत्रुराष्ट्रांतील शहरांनी हात मिळवले. १९५६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नागरिकांमधील थेट संपर्काची मोहीम सुरू केली आणि भगिनी-शहरांची चळवळ तेथे फोफावली. सारांश, नाते आधी जडले आणि कागद मागाहून आला. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा होतो.

आता आपली घटनात्मक चौकट पाहू. परराष्ट्र व्यवहार आणि परदेशांशी करार हे विषय सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत आहेत. स्थानिक स्वराज्य राज्य सूचीत. त्यामुळे भगिनी-शहर करार हा कायद्याच्या अर्थाने आंतरराष्ट्रीय करार नसतोच. तो केवळ सामंजस्याचा लेख असतो आणि त्यालाही परराष्ट्र मंत्रालयाची संमती लागते. ऑक्टोबर २०१४ मध्ये राज्यांशी समन्वय साधण्यासाठी या मंत्रालयात स्वतंत्र विभाग निर्माण झाला. दिल्ली, मुंबई वा पुण्यासारख्या शहरांसाठी तसे दार अद्याप वेगळे नाही.

दिल्लीत हा गुंता अधिकच वाढतो, कारण ‘दिल्ली’ म्हणजे नेमके कोण, हेच निश्चित नाही. विधानसभेसह दिल्ली सरकार आहे, नायब राज्यपाल आहेत, १९५७ च्या संसदीय कायद्याने निर्माण झालेली महानगरपालिका आहे, नवी दिल्लीची स्वतंत्र नगरपरिषद आहे आणि छावणी मंडळही आहे. नोएडा आणि गुरुग्राम तर दुसऱ्याच राज्यांत. परदेशी महापौर आला, तर त्याचा समकक्ष कोण? उत्तर समारंभापुरते सापडते; कामाच्या वेळी मात्र हरवते.

फुकुओकाचे उदाहरण घेऊ. १९७० च्या दशकात फुकुओका शहर आणि तेथील विद्यापीठ यांनी कचरा जिरवण्याची एक स्वस्त पद्धत सिद्ध केली. कचऱ्याच्या तळाशी नळ्या घालून घाण पाणी बाहेर काढावयाचे आणि त्याच वाटेने हवा आत खेळू द्यावयाची, म्हणजे कचरा लवकर कुजतो व मिथेन वायू कमी निर्माण होतो. ‘फुकुओका पद्धत’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. ज्या वर्षी दिल्लीने या प्रांताशी मैत्री केली, त्या वर्षी गाझीपूरची कचराभूमी भरून गेल्यालाही पाच वर्षे झाली होती. ही जागा १९८४ मध्ये सुरू झाली आणि २००२ मध्येच तिची क्षमता संपली होती. तरीही तेथे कचरा पडतच राहिला. १ सप्टेंबर २०१७ रोजी त्या डोंगराचा कडा कोसळला आणि दोन माणसे प्राणांस मुकली.

यात जपानी मित्रांचा दोष नाही, आणि कोण्या एका अधिकाऱ्याचाही नाही. दोष रचनेचा आहे. मैत्री-करार झाला दिल्ली सरकारशी. कचरा हा विषय महानगरपालिकेचा. त्या महानगरपालिकेचे २०१२ मध्ये तीन तुकडे झाले, गाझीपूर पूर्व दिल्लीच्या वाट्याला आले आणि २०२२ मध्ये तिन्ही तुकडे पुन्हा सांधले गेले. ज्याची सही, त्याच्याकडे काम नाही. ज्याच्याकडे काम, त्याचा पत्ताच दर दहा वर्षांनी बदलतो. अशा स्थितीत शेजारी कितीही ज्ञानी असो, त्याने दार ठोठावावे तरी कोणाचे?

हीच विसंगती महाराष्ट्रातही दिसते. मे २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या चीन दौऱ्यात औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि दुनहुआंग यांचे भगिनी-नाते जाहीर झाले. निवड अत्यंत समर्पक होती. एकीकडे अजिंठा, दुसरीकडे मोगाओची चित्रलेणी. बौद्ध कलेच्या एकाच प्रवासाचे हे दोन मुक्काम. पण अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटरवर, आणि त्याची देखभाल केंद्राच्या पुरातत्त्व विभागाकडे. महानगरपालिकेच्या हाती त्यातले काहीच नाही. पुढे जून २०२० मध्ये गलवानचा संघर्ष घडला. कोविडमुळे आधीच बंद झालेली दोन्ही देशांमधील थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ पर्यंत बंदच राहिली. शिखर-परिषदेत जन्मलेले नाते शिखरावरच गोठले. दिल्ली-बीजिंग नात्याचीही कथा याहून वेगळी नाही.

याउलट मुंबई आणि योकोहामा पाहा. करार १९६५ चा. पण त्याची मुळे फार जुनी. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने मुंबईशी नियमित जहाजसेवा सुरू केली. आपला कापूस जपानच्या गिरण्यांकडे जाऊ लागला. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील भारतीय व्यापाऱ्यांना नागरिकांनी आधार दिला. त्याची कृतज्ञता म्हणून भारतीयांनी उभारलेले पाणपोईचे शिल्प यामाशिता उद्यानात आजही आहे. आणि कराराच्या पन्नासाव्या वर्षी, २०१५ मध्ये, योकोहामाने मुंबईत स्वतःचे कार्यालय उघडले. जपानमधील स्थानिक संस्थांनी परदेश-संबंधांसाठी १९८८ मध्येच सामाईक परिषद स्थापन केली आहे. तेथे मैत्रीलाही टेबल आणि कारकून असतो!

पुण्याचा धडा याहून साधा. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या तीनशे वर्षे जुन्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर उभे आहे. उद्यान महानगरपालिकेचे, माळी तिचेच, खर्चाचे शीर्षकही तिच्याच अंदाजपत्रकात. म्हणून ते हिरवे आहे. पुणे आणि कॅलिफोर्नियातील सॅन होजे यांचे नाते १९९२ पासूनचे. पुण्याने भेट दिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा तेथील ग्वाडलूप नदीकाठच्या उद्यानातून २०२३ च्या प्रारंभी चोरीस गेला आणि काही दिवसांतच एका भंगारच्या गोदामात सापडला. त्या वार्तेने हळहळलेल्या परदेशस्थ मराठी वाचकांपैकी कितीजणांना ही पुण्याची भेट होती, हे आधी ठाऊक असेल?

सांगायचा मुद्दा असा की, करार करताना तीन गोष्टी पाहाव्यात. ज्या संस्थेकडे काम आहे तिचीच सही असावी. त्या कामासाठी अंदाजपत्रकात, लहान का होईना, स्वतंत्र तरतूद असावी. आणि दोन्ही शहरांत ते नाते आपले मानणारे नागरिक असावेत. तिसरी अट पूर्ण करणे कोणत्याही शासनाच्या हाती नाही. ते काम घरापासून दूर, दोन शहरांना आपली म्हणणाऱ्या माणसांचे आहे. आपण ज्या शहरात स्थिरावला आहात त्याचे महाराष्ट्रातील एखाद्या शहराशी असे नाते आहे काय, याची चौकशी जरूर करावी. असल्यास ते कोणत्या खात्याच्या कोणत्या कपाटात आहे, हेही विचारावे. विचारणारा कोणी आहे, एवढे कळले तरी पुष्कळ फायली हलू लागतात, हा माझा अनुभव आहे.