लिमोझ: एका शहराचं क्रियापद कसं झालं?

मंडळी, फ्रान्समध्ये एखाद्या मंत्र्याला किंवा फुटबॉलच्या प्रशिक्षकाला काढलं, की वर्तमानपत्रांत 'लिमोझे' हे क्रियापद हमखास दिसतं. आपण 'उचलबांगडी केली' म्हणतो, तसंच काहीसं. या शब्दाच्या पोटात एक शहर आहे. लिमोझ. पॅरिसच्या दक्षिणेला, चिनीमातीच्या नाजूक भांड्यांसाठी नावाजलेलं.

आता ऑगस्ट १९१४ मध्ये या. फ्रेंच सैन्य सीमेवर सपाटून मार खातंय. २२ ऑगस्टच्या एकाच दिवशी सुमारे २७,००० फ्रेंच सैनिक मेले. सरसेनापती झोफ्र यांनी मग सेनापतींना काढायचा सपाटाच लावला. काढलेल्यांना आघाडीपासून दूर ठेवायचं, म्हणून बाराव्या लष्करी विभागाचं नाव पुढे आलं, आणि त्याचं मुख्यालय होतं लिमोझ. काढलेले सगळेच काही तिथे गेले नाहीत. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आपणही 'पानिपत झालं' म्हणतोच की! फक्त आपल्याला 'होणे' जोडावं लागतं. फ्रेंचांनी गावाच्या नावालाच क्रियापदाचा प्रत्यय लावून टाकला.

'लिमोझे' म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस नालायक असणार. काही होतेही. पण पाचव्या सेनेचे लाँरेझाक घ्या. जर्मन बेल्जियममधून मोठ्या संख्येनं येतील, हे ते आधीपासून बजावत होते. झालंही तसंच. शार्लरुआच्या लढाईत त्यांनी २३ ऑगस्टला माघारीचा हुकूम दिला, म्हणून सैन्य वेढ्यात सापडलं नाही. २९ ऑगस्टला गीझपाशी त्यांनी जर्मनांना थोपवलंसुद्धा. तरी ३ सप्टेंबरला त्यांना काढलं! वरिष्ठांशी वाद घालायचे, ब्रिटिश सेनापतीशी पटत नव्हतं, हेही खरं. पण वाचवलेली ती सेना तीनच दिवसांनी मार्नच्या लढाईत उतरली, ती देस्पेरे यांच्या हाताखाली. लाँरेझाक यांनी आपली बाजू पुस्तकातून मांडली, तीही १९२० साली, युद्ध संपल्यावर.

'लिमोझे' हे क्रियापद लेखी सापडतं ते १९१६ पासून. त्याच वर्षी डिसेंबरात खुद्द झोफ्र यांच्याकडून सेनेची सूत्रं काढून नीव्हेल यांच्याकडे दिली गेली. झोफ्रना मात्र लिमोझ नाही, मार्शलचा हुद्दा मिळाला.