साताऱ्याचे प्रतिसरकार
दुसऱ्या महायुद्धकाळात तत्कालीन सातारा जिल्ह्यात (विद्यमान सातारा जिल्हा व सांगलीचा बराच भाग) उभे राहिलेले समांतर लोकशासन (१९४३–४६). सैन्य परमुलखी गुंतलेले आणि घरात बंड, ही ब्रिटिशांची कोंडी येथे विशेष जाणवते. कारण हा जिल्हा सैन्यभरतीचे जुने क्षेत्र होता. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान कामी आले होते. १९४२ च्या उठावाविरुद्ध देशभर ५७ पलटणी वापराव्या लागल्या. त्या सप्टेंबरात वडूज व इस्लामपूर येथील मोर्चांवर गोळीबार झाला आणि कार्यकर्ते भूमिगत झाले. पुढे नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार स्थापन झाले. मराठा पलटणी इटलीत लढत असता येथे न्यायदान मंडळे गावोगावचे तंटे मिटवीत होती. इंफाळला जपानी वेढा असताना, १४ एप्रिल १९४४ रोजी, या मंडळींनी धुळ्याजवळ चिमठाणे येथे सरकारी खजिना लुटला. सरकारदप्तरी ते दरोडेखोर ठरले. वस्तुतः गावगुंडांचा व खऱ्या दरोडेखोरांचा बंदोबस्त त्यांनीच केला. त्यांच्या शिक्षा मात्र कठोर होत्या, हेही नाकारता येत नाही. ‘पत्री सरकार’ हे लोकप्रचलित नाव त्यांवरूनच पडले, असे सांगतात. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर पकड वॉरंटे रद्द होऊन नाना पाटील प्रकट झाले.