काँगोच्या वाटेवरील सूचना आणि त्यांचा इतिहास

दूरदेशी निघालेल्या माणसास चार हिताच्या गोष्टी सांगून वाटेस लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मध्य आफ्रिकेतील काँगोस जाणाऱ्यासाठी अशा गोष्टींची यादी बरीच लांब भरते, आणि ती वाचून कित्येकांचे मन कचरते. वस्तुतः त्यांतील बहुतेक सूचनांच्या मुळाशी त्या देशाचा इतिहास आहे. तो ठाऊक असला म्हणजे सूचनेचे मर्म कळते व ती पाळणे जड जात नाही. म्हणून ह्या सूचना त्यांच्या इतिहासासह वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिली सूचना नावाची. काँगो नावाचे देश दोन आहेत. काँगो नदीच्या डाव्या तीरावर किन्शासा ही एकाची राजधानी, तर समोरच उजव्या तीरावर ब्राझाव्हिल ही दुसऱ्याची. १८८० साली द ब्राझा ह्याने मकोको राजाशी करार करून उजवा तीर फ्रान्सकडे वळविला. डाव्या तीरावर स्टॅन्ले बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड ह्याच्यासाठी ठाणी वसवीत होता. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या सुमारास ही वाटणी पक्की झाली. तेव्हा तिकीट व व्हिसा काढताना राजधानीचे नाव पाहून घ्यावे. दोन्ही शहरांमध्ये पूल नाही, आणि नावेतून पलीकडे जाणे म्हणजे परदेशात जाणे होय. त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. एका रेघेने माणसांचे व्यवहार कसे बदलतात, हे सीमाभागातील आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

ह्यापुढे आम्ही किन्शासाच्या काँगोविषयीच बोलू. तेथे उतरताच पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला मागतात. प्रवासापूर्वी निदान दहा दिवस तरी ही लस अधिकृत केंद्रावर टोचून घ्यावी. २०१६ पासून हा दाखला जन्मभर ग्राह्य धरला जातो. परतताना तो जवळ नसल्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाण्याचा संभव असतो. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरविणारा डास आहे. ही कडक तपासणी त्यामुळेच. हिवतापाची गोष्ट मात्र दोन्ही देशांस समान. त्याचे जंतू डासाच्या पोटात रोनाल्ड रॉस ह्यांस प्रथम दिसले ते १८९७ च्या ऑगस्टात, सिकंदराबाद येथे. काँगोतील हिवताप जीवघेण्या जातीचा आहे व जुन्या क्लोरोक्विनला तो दाद देत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात, मच्छरदाणी वापरावी, आणि परतल्यावरही ताप आल्यास रक्त तपासून घेण्यास विलंब लावू नये.

आता वाटांविषयी. समुद्राकडून येणारी जहाजे मतादी बंदरापर्यंतच येऊ शकतात. पुढे किन्शासापर्यंत नदीत धबधब्यांची रांग लागली आहे. १८९० साली कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड हे अंतर पायी चालून गेले. त्या काळी सारा माल हमालांच्या डोक्यावरून जाई. पुढे १८९० ते १८९८ ह्या काळात तेथे सुमारे ३६५ किलोमीटरचा लोहमार्ग बांधण्यात आला. सरकारी हिशेबानुसारच त्यात १,८०० च्या आसपास आफ्रिकी व आशियाई मजूर मृत्यू पावले. हा मार्ग मुख्यतः माल बाहेर नेण्यासाठी होता. देशातील गावे परस्परांस जोडण्याची निकड राज्यकर्त्यांस वाटली नाही. किन्शासापासून किसांगानीपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटर नदी हाच राजमार्ग. तिच्यावरील बोटी खच्चून भरतात, आठवडेच्या आठवडे घेतात, आणि अपघातही होतात. लांबच्या शहरी विमानाने जावे, आणि कामाच्या तारखेभोवती चार दिवस मोकळे ठेवावेत. किन्शासाच्या बाजूस जून ते सप्टेंबर हा कोरडा काळ प्रवासास बरा.

भाषेची अडचण वाटते तितकी नाही. राजभाषा फ्रेंच असली तरी किन्शासात लिंगाला चालते. ‘म्बोते’ म्हणून अभिवादन केल्यास समोरचा माणूस प्रसन्न होतो. पूर्वेस व लुबुंबाशीकडे स्वाहिली आहे. एकोणिसाव्या शतकात टिप्पू टिप ह्यासारख्या झांझिबारच्या व्यापाऱ्यांबरोबर ती आत पोचली. तिच्यातील ‘हबारी’, ‘दुनिया’, ‘चाय’, ‘गारी’ हे शब्द ऐकून मराठी माणसास खबर, दुनिया, चहा आणि गाडी ह्यांची ओळख पटेल.

कॅमेऱ्याविषयी विशेष जपावे. पूल, विमानतळ, सरकारी इमारती, शिपाई ह्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. माणसांचीही विचारल्यावाचून घेऊ नयेत. खाणींच्या परिसरात परवान्यावाचून फिरू नये. परक्या माणसाविषयीचा हा संशय अकारण नाही. पोर्तुगीज खलाशी दियोगू कांव १४८२ च्या सुमारास नदीच्या मुखाशी आला. गोवा जिंकला गेला त्या १५१० सालाच्या आसपास तेथे आफोन्सो नावाचा ख्रिस्ती झालेला काँगो राजा राज्य करीत होता. परके व्यापारी आपली माणसे, आपले नातलगसुद्धा धरून नेतात, अशी तक्रार त्याने १५२६ साली पोर्तुगालच्या राजास पत्राने कळविली. पुढे लिओपोल्डच्या अमलात (१८८५-१९०८) रबरासाठी माणसांचे हात तोडले गेले. १९०४ साली अ‍ॅलिस सीली हॅरिस ह्या मिशनरी बाईंनी घेतलेल्या छायाचित्रांनी ते जगापुढे आले. १९४५ साली हिरोशिमावर पडलेल्या बाँबमधील बरेचसे युरेनियमही काँगोतील शिंकोलोब्वे खाणीतले. १९६० साली देश स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी, १७ जानेवारी १९६१ रोजी, पहिले पंतप्रधान पात्रिस लुमुंबा ह्यांची हत्या झाली.

पूर्व भागाविषयी अधिक सावध राहावे. आफ्रिकेतील पहिले राष्ट्रीय उद्यान, आजचे विरुंगा, १९२५ साली तिकडेच स्थापन झाले. पण जानेवारी २०२५ मध्ये त्याच भागातील गोमा शहर एम-२३ बंडखोरांनी घेतले. तिकडे जाण्याचा बेत असल्यास आपल्या वकिलातीची ताजी सूचना पाहून मगच ठरवावे.

कागदपत्रांच्या प्रती जवळ बाळगाव्यात आणि चौकशीच्या वेळी आवाज चढवू नये. ‘कशासाठी आलात?’ हा प्रश्न तेथे पुष्कळदा विचारला जातो. पाचशे वर्षे पाहुणे काही ना काही उचलून नेण्यासच येत गेले, हे ध्यानात असले तर त्याचा राग येणार नाही, आणि शांतपणे खरे उत्तर देता येईल.