खिचडी खाणारा घोडा आणि चौलचा पाऊस

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एकीच्या लेकीने मोबाईलवर एक गाव दाखवलं. नॉर्वे देशातलं बर्गन. समुद्राकाठी रंगीत लाकडी वखारी, बंदरात सात-आठ मजली जहाज, आणि छत्र्या घेऊन उतरणारे प्रवासी. तिथे वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो म्हणे. आमच्यातली एक आजी लगेच म्हणाली, "एवढा पाऊस? मग पेरणी कवा करतेत?"

आम्ही हसलो, पण प्रश्न खरा होता. जहाजातून उतरणाऱ्याला बंदर दिसतं, पेरणी दिसत नाही. बर्गन मोठं झालं ते सुकवलेल्या माशांच्या व्यापारावर. तो मासा पकडायचे आणि सुकवायचे दूर उत्तरेकडचे कोळी. व्यापारी त्यांना धान्य उधार द्यायचे आणि पुढच्या हंगामाच्या माशांवर ते वसूल करायचे. उधारी फिटायची नाही, कोळी त्याच व्यापाऱ्याला बांधलेला राहायचा. ही गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. जुन्या वखारी आजही दिमाखात उभ्या आहेत. मासे सुकवणाऱ्यांची नावं मात्र कुणी सांगत नाही.

आपल्याकडेही असं एक पावसाचं, जुनं बंदर आहे. रायगड जिल्ह्यातलं, अलिबागजवळचं चौल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लोकांनाही ते ठाऊक होतं. पुढे पोर्तुगीजांनी शेजारी रेवदंड्याला किल्ला बांधला, आणि १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. पण आज सांगायची आहे ती त्याच्याही आधीची, सुमारे १४६९ सालची गोष्ट.

रशियातल्या त्वेर गावचा एक व्यापारी, अफनासी निकितिन, होर्मुझहून जहाजात बसला आणि दीव, खंबायत करत चौलला उतरला. सोबत विकायला एक घोडा. आपल्याकडे त्या काळी चांगले घोडे पैदा होत नसत, ते समुद्रावरून येत आणि मोठी किंमत घेत. निकितिनने चौलच्या बायका पाहिल्या आणि लिहिलं, डोकं उघडं, केसांची एकच वेणी. आणि हेही लिहिलं की, मी जिथे जातो तिथे लोक गोऱ्या माणसाला बघायला मागे येतात. पाहुणा गावाला बघत होता, गाव पाहुण्याला.

इतर प्रवासी बंदरावरूनच परत गेले असते. हा मात्र घोडा घेऊन घाट चढला. तीन आठवड्यांहून जास्त चालून जुन्नरला पोचला, आणि पावसाने गाठलं. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. त्यात जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल तरच परत देतो म्हणाला. खुरासानच्या एका मुसलमान अधिकाऱ्याने रदबदली केली, तेव्हा घोडाही परत मिळाला आणि धर्मही राहिला. पुढे बिदरला जाऊन त्याने तो विकला. बिदर म्हणजे आपल्या देगलूरच्या पलीकडेच. आपला मुलूखही तेव्हा त्याच बहामनी राज्यात होता.

आमच्या आजीच्या प्रश्नाचं उत्तर याच माणसाच्या वहीत आहे. त्या चिखलाच्या दिवसांतच हे लोक नांगरतात आणि पेरतात, हे त्याने टिपून ठेवलं. घोड्यांना काय खाऊ घालतात तेही लिहिलं: वाटाण्यासारखं कडधान्य, आणि साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी! आणि आणखी एक गोष्ट लिहिली. देशात माणसं खूप, पण खेड्यातले लोक फार गरीब आणि सरदार फार श्रीमंत.

मैत्रिणींनो, या दोन नोंदी शेजारी ठेवून बघा. सरदाराच्या घोड्याला साखर-तुपाची खिचडी, आणि ते धान्य चिखलात उभं राहून पेरणाऱ्याच्या घरी काय शिजत होतं, ते कुठेच नाही. तो परका होता, त्याला जेवढं दिसलं तेवढं त्याने लिहिलं. घरात काय शिजलं ते घरातल्या बाईलाच ठाऊक, आणि तिच्या हातात लेखणी नव्हती.

निकितिन दाभोळ बंदरातून जहाजाने परत निघाला. घरी पोचण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ तो वारला. वही मात्र मॉस्कोला पोचली आणि टिकली.

आमच्या हातात आता लेखणी आहे. बैठकीचं इतिवृत्त आम्ही दर महिन्याला लिहितोच: बचत किती, कर्ज किती, हजर कोण. या पावसाळ्यापासून त्याखाली दोन ओळी जास्त लिहायचं ठरवलं आहे. पहिला पाऊस कधी पडला, सोयाबीन कधी पेरलं, दुबार पेरणी कुणाला करावी लागली, आणि त्या आठवड्यात घरी काय शिजलं. पहिली ओळ आजीने सांगितली, तिच्या नातीने लिहिली. तुमच्या गटातही लिहा, आणि पुढच्या कार्यक्रमात आम्हाला वाचून दाखवा.