पैसे कुणाच्या हातात?

ब्रिटिश पार्लमेंट म्हटलं की ग्लॅडस्टन, डिझरायली, चर्चिल... वर्गात मुलांकडून हीच नावं घोकून घेतली. मागच्या बाकांवरची माणसं पाठ्यपुस्तकात शिरतच नाहीत. त्यातल्याच एका बाईंबद्दल आज लिहिते.

एलिनॉर रॅथबोन. जन्म १८७२, लिव्हरपूलच्या सधन व्यापारी घराण्यात. १९२९ साली विद्यापीठांच्या मतदारसंघातून अपक्ष म्हणून निवडून आल्या आणि शेवटपर्यंत अपक्षच राहिल्या. मंत्रिपद कधी मिळालं नाही. त्यांचा ध्यास एकच : मुलं वाढवणाऱ्या आईच्या हातात सरकारने थेट पैसे द्यावेत.

हे खूळ पुस्तकी नव्हतं. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बायकांना मिळणाऱ्या भत्त्याचं काम त्यांनी लिव्हरपूलमध्ये पाहिलं होतं. नवऱ्याच्या पगारातून उरेल ते नव्हे, तर ठरलेली रक्कम दर आठवड्याला बाईच्या हातात पडते तेव्हा घरात काय फरक पडतो, हे तिथे दिसलं. १९२४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. विरोध कुणाचा? कामगार संघटनांचासुद्धा! भत्ता मिळाला तर मालक मजुरी वाढवणार नाहीत, ही भीती. (ती अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही.)

वीस वर्षं बाई बोलत राहिल्या. अखेर १९४५ साली सरकारने विधेयक आणलं, पण त्यात पैसे बापाच्या नावावर! रॅथबोनबाई खवळल्या. ज्या गोष्टीसाठी हयात घालवली तिच्याच विरोधात मत देण्याची त्यांनी तयारी दाखवली. शेवटी सरकारने सदस्यांना मनाप्रमाणे मत द्यायला मोकळीक दिली आणि 'आई' हा शब्द कायद्यात आला.

आपल्याशीही त्यांचा संबंध आहे. शारदा कायदा झाला तरी बालविवाह थांबत नाहीत, म्हणून त्यांनी आवाज उठवला; १९३२ साली त्या हिंदुस्थानातही येऊन गेल्या. पण १९२९ सालीच लंडनच्या एका परिषदेत धन्वंती रामा राव यांनी त्यांना भर सभेत सुनावलं होतं, की आमच्या देशातल्या सुधारणा आम्ही करू. मला विचाराल तर रामा राव बरोबर होत्या. मायेने बोललं तरी राज्यकर्त्याचा सूर लपत नाही. असो.

२ जानेवारी १९४६ रोजी बाई गेल्या. भत्त्याचा पहिला हप्ता ६ ऑगस्टला वाटला गेला : आठवड्याला पाच शिलिंग, म्हणजे पाव पौंड, तेही दुसऱ्या मुलापासून पुढे. थोरल्याचं काय? त्याच्या आईला मात्र थेट १९७७ पर्यंत थांबावं लागलं.