अल मजाजच्या बाल्कनीतला प्रतापगड

अल मजाजमध्ये दिवाळीचा किल्ला करायचा म्हणजे पहिली अडचण मातीची. समोर खालिद लगून, खाली फरसबंदी. वाळू ओली असते तोवर उभी राहते, दुपारी बुरूज ढासळतो. शेवटी रोपवाटिकेतून मातीच्या पिशव्या आणायच्या, आत खोकी रचायची, वर जुनी चादर. तयार किल्ले विकत मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं तुम्ही म्हणाल.

तुमच्या मुलांना अफझलखानाची गोष्ट विचारून पाहा. वाघनखं, चिलखत, मिठी, सगळं पाठ असतं. खानाला जावळीतच का बोलावलं, असं विचारलं की गप्प! सपाट शारजात वाढलेल्या मुलांनी खोरं पाहिलेलं नसतं, त्यात त्यांचा काय दोष?

शिवाजी महाराजांनी 1656मध्ये जावळी घेतली आणि मोरोपंत पिंगळ्यांकडून भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड बांधून घेतला. वाईच्या मोकळ्या मुलखात खानाचं घोडदळ आणि तोफा भारी पडल्या असत्या. जावळीत अरुंद वाटा आणि दाट रान. 10 नोव्हेंबर 1659ची भेट गडाखाली झाली, तेव्हा महाराजांचं सैन्य त्याच रानात दडलेलं होतं.

हे मी लेकीला दोनदा सांगितलं होतं. तिला ते कळलं किल्ला करताना. डोंगर झाला, रान म्हणून अळीव पेरले, पुण्याहून आणलेली चित्रं काढली आणि ती खानाचे घोडे मांडायला बसली.

"बाबा, हे इथे मावतच नाहीत."

दरी रुंद करून द्यायचा मोह झाला, पण हात आवरला. (किल्ला बापांनीच करून टाकायचा, ही आपली जुनी खोड.) थोड्या वेळानं तीच म्हणाली, "म्हणून इथे बोलावलं होतं?"

किल्ला झाला की मुलांना जुन्या शारजातला अल हिस्नही दाखवा. 1970च्या सुमारास तो पाडायला घेतला, तेव्हा आजचे शासक शेख सुलतान कैरोत शिकत होते. ते धावत आले, तोवर जेमतेम एक बुरूज उरला होता. त्यांनी मापं घेतली, दारं-खिडक्या जपून ठेवल्या आणि पुढे 1990च्या दशकात किल्ला पुन्हा उभा केला. लेक तिथे बराच वेळ दाराच्या खिळ्यांवर हात फिरवत होती.

यंदा तिला सिंधुदुर्ग करायचा आहे. 1664मध्ये काम सुरू झालेला, मालवणसमोरच्या कुरटे बेटावरचा. त्यासाठी घरातली सर्वांत मोठी परात आधीच बाल्कनीत गेली आहे.